आजीचे टोंगळे, माझा फॉरवर्ड आणि तीन इंजेक्शनं

‘तुमच्याच रक्तातून तुमचा गुडघा नवा’ असं सांगणारे रील्स सध्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरताहेत. हे पीआरपी नक्की आहे काय, कुणाला उपयोगी, कुणाला नाही? मालेगाव तालुक्यातल्या एका घरात झालेला घोळ आणि त्यानंतर केलेला अभ्यास.

चूक माझीच होती. तो रील घरच्या ग्रुपवर मीच टाकला.

पांढऱ्या कोटातले एक जण प्लास्टिकचा गुडघा हातात धरून सांगत होते, ऑपरेशन नको, गोळ्या नको, तुमच्याच रक्ताचं इंजेक्शन घ्या आणि पळायला लागा. मागे जोरदार म्युझिक, खाली फोन नंबर. मी इंटर्नशिपवरून परत येत होते, बस खचाखच भरलेली, आजीची आठवण आली. फॉरवर्ड केला आणि विसरून गेले.

बाबा विसरले नाहीत. त्यांनी नंबर लावला. पलीकडून सांगितलं गेलं की एका इंजेक्शनचे आठ हजार, तीन घ्यावी लागतील, एक्स-रे असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नसेल तरी चालेल. रविवारी मी गावी गेले तेव्हा सगळं ठरलेलं होतं. ओसरीत सोयाबीनची पोती रचून ठेवलेली, भाव चढला की विकू म्हणून. त्यातलीच काढायची असं बाबांनी ठरवलं होतं. चोवीस हजार म्हणजे किती सोयाबीन? २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये. तेवढा पदरात पडला तरी साडेचार क्विंटल. आणि बाजार समितीत हमीभाव खरोखर पदरात पडतो का, हे वाशिमच्या पोरापोरींना मी वेगळं सांगायची गरज नाही.

आजी कोपऱ्यात पाय लांब करून बसली होती. म्हणाली, “माह्या टोंगळ्यापायी पोते काहून विकता बाप्पा? दोन वर्सं अजून काढतो मी अशीच.”

टोंगळा म्हणजे गुडघा. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना हा शब्द सांगितला की त्या हसतात. आजीच्या तोंडी तो दिवसातून वीस वेळा येतो. उठताना, बसताना, रात्री कूस बदलताना. तिचं वय अडुसष्ट. त्यातली पन्नास वर्षं तरी निंदण, वेचणी, सोंगणी यात गेली. उकिडवं बसून तासन्‌तास पुढे सरकत राहायचं, मग डोक्यावर भारा घेऊन घरी, घरी आल्यावर पुन्हा चुलीपुढे तसंच उकिडवं. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, मेडशी, शिरपूरच्या बाजूने. आजी दरवर्षी तिच्यासोबत काही कोस चालायची. मागच्या वर्षी तिने आमच्या ऑटोत बसून दर्शन घेतलं आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. बाबांना पोती विकायची घाई का झाली होती, ते मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, मला आठ दिवस द्या. मी वाचते. पत्रकारितेची डिग्री घेतलीये, एवढं तरी करावं.

तर पहिला प्रश्न, गुडघ्यात दुखतं काय? मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोन्ही टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेची गंमत अशी की तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून हातावर खरचटलं तर खपली धरते, पण कूर्चा झिजली तर ती स्वतःहून जवळजवळ भरून येत नाही. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे ही झीज, पण नुसती झीजच नाही. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, हाडाला कडेला कोंब फुटतात, मांडीचे स्नायू वापर कमी झाल्याने बारीक होतात आणि मग गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो. आपण सगळे ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ म्हणतो ना, ते ऐकायला सोपं आहे, पण खरं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे.

आता प्लेटलेट्स. हा शब्द आपल्याला डेंग्यूने शिकवला. होस्टेलमध्ये कुणाला ताप आला की पहिला प्रश्न, “काउंट किती?” निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलीटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. जखम झाली की त्या तिथे चिकटतात, रक्त थांबवतात, आणि त्यांच्या पोटातल्या बारीक पिशव्यांमधून काही प्रथिनं बाहेर पडतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. जखम भरायला या म्हणून आजूबाजूच्या पेशींना दिलेली ती हाक असते. यावरून डॉक्टरांच्या डोक्यात विचार आला तो असा की जिथे रक्तच पोहोचत नाही तिथे या प्लेटलेट्स नेऊन सोडल्या तर?

प्लेटलेट रिच प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी, ते हेच. दंडातून रक्त काढायचं, ते गोठू नये म्हणून औषध मिसळायचं आणि सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये गरगर फिरवायचं. जड लाल पेशी तळाशी जातात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, मध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सचा पातळ थर. प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग सिरिंजमध्ये ओढायचा आणि सांध्यात सोडायचा. सगळं मिळून तासाभराचं काम. नंतर दोन-तीन दिवस गुडघा ठणकतो.

हे तंत्र गुडघ्यासाठी जन्मलं नाही, हे मला वाचतानाच कळलं. पीआरपी हा शब्द १९७० च्या दशकात रक्ताच्या डॉक्टरांनी वापरायला सुरुवात केली, प्लेटलेट्स कमी असलेल्यांना त्या चढवण्यासाठी. १९९८ मध्ये अमेरिकेत जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत त्याचा वापर झाल्याचा अभ्यास आला आणि डेंटिस्ट लोकांनी ते उचललं. मग खेळाडू आले. गोल्फचा टायगर वुड्स, टेनिसचा राफेल नदाल, अमेरिकन फुटबॉलमधला हाइन्स वॉर्ड यांनी पीआरपी घेतल्याच्या बातम्या जगभर झाल्या. गंमत म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, वाडाने, २०१० मध्ये स्नायूत पीआरपी घेण्यावर बंदी घातली आणि २०११ मध्ये ती उठवली, कारण त्याने ताकद वाढते असा पुरावा मिळेना. तोवर जाहिरात मात्र होऊन गेली होती. आज तेच मशीन केस गळतीवर चालतं, चेहऱ्यावर चालतं. आपल्या वयाच्या कितीतरी जणांनी डोक्यात पीआरपी घेतलंय, फक्त सांगत नाहीत.

मग गुडघ्यावर ते चालतं की नाही? इथे मी तीन दिवस अडकले, कारण उत्तर हो पण आहे आणि नाही पण.

भारतातला एक अभ्यास आधी सांगते. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी ७८ रुग्णांच्या १५६ गुडघ्यांवर तो केला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गुडघ्यांना पीआरपीचं एक इंजेक्शन, काहींना दोन, काहींना नुसतं सलाइन. पीआरपीवाल्यांचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं, सलाइनवाल्यांचं नाही. पण सहा महिन्यांनी बघितलं तर फायदा थोडा उतरायला लागला होता. आणि एक इंजेक्शन घेतलेले व दोन घेतलेले यांच्यात फरक दिसला नाही. हे वाक्य मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. आपल्याला तीन सांगितली होती.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, रिस्टोर नावाचा, नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जामा’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलेला. हा मोठा होता. पन्नाशीच्या पुढचे २८८ लोक, गुडघ्याची झीज सौम्य ते मध्यम. निम्म्यांना आठवड्याला एक अशी पीआरपीची तीन इंजेक्शनं, निम्म्यांना तीन सलाइनची. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही आणि टोचणाऱ्या डॉक्टरलाही नाही. एक वर्षाने वेदना शून्य ते दहाच्या मापावर मोजली. पीआरपीवाल्यांची २.१ ने कमी झाली. सलाइनवाल्यांची १.८ ने. एमआरआयवर कूर्चा मोजली, तर ती दोन्हीकडे घटलीच होती, एकीकडे १.४ टक्के, दुसरीकडे १.२ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा.

माझं लक्ष त्या १.८ वर अडकलं. मिठाचं पाणी टोचलेल्या माणसांना पण एक वर्षभर बरं वाटत होतं! आणि ते खोटं बोलत नव्हते. गुडघ्याचं दुखणं तसंही चढ-उताराचं असतं. आपण डॉक्टरकडे जातो तेव्हा ते सगळ्यात वाईट असतं, पुढे ते आपोआप थोडं उतरतं. त्यात कुणीतरी आपल्याकडे लक्ष दिलं, सुई टोचली, आता बरं वाटेल म्हटलं, त्याचाही परिणाम होतो. म्हणून रीलखाली ‘माझ्या आईला फरक पडला’ अशा पन्नास कमेंट असतील तर त्या पन्नासही खऱ्या असू शकतात. फक्त तो फरक प्लेटलेट्समुळे पडला का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सलाइनवाला गट लागतो आणि रीलमध्ये सलाइनवाला गट नसतो.

मग डॉक्टरांच्या संघटना काय म्हणतात? त्यांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी पीआरपी देऊ नका असं स्पष्ट सांगितलं. तिथल्याच अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२१ मध्ये म्हटलं की त्याने वेदना कमी होऊ शकते, पण पुरावा मर्यादित आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की मोठा धोका दिसत नाही, पण उपयोगाचा पुरावा चांगल्या दर्जाचा नाही, तेव्हा रुग्णाला नीट समजावून, नोंद ठेवूनच करा.

हे भांडण मिटत का नाही, त्याचं एक कारण मला पटलं. पीआरपी हे एकच औषध नाही. पॅरासिटामॉल ५०० म्हटलं की वाशिममध्ये घ्या नाहीतर वॉशिंग्टनमध्ये, गोळीत ५०० मिलिग्रॅमच असणार. पीआरपीत तसं नाही. किती रक्त काढलं, मशीन एकदा फिरवलं की दोनदा, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यावर सिरिंजमध्ये काय येतं ते ठरतं. त्यात माणसागणिक रक्त वेगळं. २०२१ मध्ये भारतातल्या एका गटाने मांडलं की डोसच महत्त्वाचा, एका गुडघ्याला साधारण १० अब्ज प्लेटलेट्स गेल्या तर फायदा टिकतो. त्यांचं म्हणणं बरोबर असेल तर अनेक ठिकाणी पीआरपीच्या नावाखाली जे दिलं जातं ते पाणचट असणार. चूक असेल तर चांगलं दाट दिलेलंही वाया. माझं मत विचाराल तर मी अजून काठावर आहे. पण ज्या गोष्टीवर जगभरचे डॉक्टर काठावर आहेत, ती ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणून विकणाऱ्याबद्दल माझं मत पक्कं आहे.

आठव्या दिवशी मी स्वतः त्या नंबरवर फोन केला. पत्रकार म्हणून नाही, नात म्हणून. विचारलं, रक्त किती काढणार? फिरवल्यावर प्लेटलेट्स मोजता का? गुडघ्याची झीज कोणत्या ग्रेडची असेल तर देता? टोचतं कोण, हाडांचे डॉक्टर की दुसरं कुणी? पलीकडची मुलगी माझ्याच वयाची असावी. ती गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, ऑफर या महिन्यापुरतीच आहे.” चारही प्रश्नांना तेच उत्तर.

यातला ग्रेडचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो मला खरं तर आधी सुचायला हवा होता. एक्स-रे बघून झिजेला शून्य ते चार असे ग्रेड देतात, केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये ठरवलेली ती पद्धत आजही चालते. रिस्टोरमध्ये घेतलेले लोक दोन आणि तीन ग्रेडचे होते. चार म्हणजे हाडाला हाड भिडलेलं. पीआरपीच्या बाजूने बोलणारे डॉक्टरसुद्धा चारवाल्यांसाठी फारसं काही कबूल करत नाहीत. आणि ‘एक्स-रे नसेल तरी चालेल’ म्हणणारा माणूस हा फरक करणारच कसा?

आम्ही आजीला सरकारी दवाखान्यात नेलं. रांग दोन तासांची, तपासणी दहा मिनिटांची, पण ती दहा मिनिटं चांगली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उभं राहून काढायला लावला, कारण झोपून काढला तर दोन हाडांमधली खरी फट कळत नाही. उजवा गुडघा ग्रेड चार. डावा तीनच्या आसपास. पीआरपीबद्दल विचारलं तर ते म्हणाले की डाव्यासाठी विचार करता येईल, फायदा होईलच असं सांगू शकत नाही, उजव्यासाठी पैसे घालवू नका. बाबांनी तिथेच कपाळावरचा घाम पुसला.

उजव्याला पर्याय म्हणजे सांधाबदल. हे नाव काढलं की गावात लोक घाबरतात, ‘त्यानंतर माणूस खाटल्यालाच लागते’ म्हणतात. बाबांना मात्र अटलजी आठवले. २००० साली ऑक्टोबरमध्ये वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडीत त्यांचा डावा गुडघा बदलला होता, पुढच्या वर्षी उजवा. ऑपरेशन करणारे डॉक्टर चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. बाबा तेव्हा कॉलेजात, रोजच्या बातम्यांत म्हणे गुडघाच गुडघा. आता त्यासाठी पंतप्रधान असावं लागत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा आणली, सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला कराशिवाय ५४,७२० रुपये. त्याआधी तोच दीड लाखाच्या पुढे विकला जायचा. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. गुडघाबदल आपल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात योजनेतून होतो, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं. आरोग्यमित्र बऱ्याचदा दारापाशीच बसलेला असतो आणि लोक त्याच्यासमोरून निघून जातात. आम्हीही जाणार होतो.

आपल्याकडे ९ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, राज्यातल्या दहा नव्या कॉलेजांपैकी एक. कॉलेज उभं राहायला, तज्ज्ञ टिकायला वेळ लागेल. तोवर अकोला गाठावं लागतं, आणि रील बनवणाऱ्यांना हेच अंतर माहीत असतं.

एक गोष्ट लपवणार नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी मागच्या वर्षी पीआरपी घेतलं होतं. वय बावन्न, झीज कमी, हाडांच्या डॉक्टरांकडून, एकच इंजेक्शन. त्या सांगतात की आठ महिने झाले, बरं आहे, जिना चढते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना बरं वाटतंय हे खरंच आहे, आणि त्या ज्या वयाच्या, ज्या ग्रेडच्या आहेत त्यांच्यासाठीच काही डॉक्टर हे सुचवतात. काकूंनी सोबत व्यायामही सुरू केला होता आणि सहा किलो वजन उतरवलं होतं. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलंय. म्हणजे चोवीस किलो. आता श्रेय प्लेटलेट्सना द्यायचं की काकूंना?

स्वतःचंच रक्त आहे म्हणून बिनधास्त, असंही नाही. ॲलर्जीची भीती कमी, हे खरं. पण सांध्यात सुई जाते आणि सांध्यात जंतू गेले तर तो गुडघा वाचवणं अवघड होऊन बसतं. न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर ‘व्हॅम्पायर फेशियल’, म्हणजे हेच पीआरपी सुयांनी टोचून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. अमेरिकेच्या सीडीसीने २०२४ मध्ये त्याचा अहवाल दिला. तेव्हा ब्युटी पार्लरमध्ये स्वस्तात पीआरपी मिळतंय म्हणून जाणाऱ्या मैत्रिणींनो, सुई नवी आहे का, ट्यूबवर तुमचंच नाव आहे का, एवढं तरी बघा.

आणि हा विषय फक्त आजीचा नाही. पोलिस भरतीची तयारी करणारी आपली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. गुडघा दुखला की पेनकिलर घेऊन पुन्हा पळतात. कबड्डीत कुणाचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, फाटतो आणि ‘मुरगळलं’ म्हणून तेल लावून मोकळं होतात. एसीएल फाटलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांच्या गुडघ्यात पुढच्या दहा ते वीस वर्षांत ऑस्टिओआर्थ्रायटिस दिसतो. म्हणजे विशीत फाटला तर पस्तिशी-चाळिशीत आजीचं दुखणं. माझ्या वर्गातल्या एकाला अशाच मुरगळण्यावर पीआरपी घे म्हणून सांगितलं गेलं, एमआरआय न करताच. त्याने आधी एमआरआय केला.

आमच्याकडे सध्या पोती ओसरीतच आहेत. शौचालयात कमोडची खुर्ची आली, हजार-बाराशेत मिळाली. डॉक्टरांनी आजीला एक साधा व्यायाम दिलाय. पाय लांब करून बसायचं, टोंगळ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, मांडी घट्ट करायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. मांडीचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्याला टेकू मिळतो, आणि यावरचा पुरावा पीआरपीपेक्षा कितीतरी पक्का आहे. फक्त याचा रील कुणी बनवत नाही.

आजी आकडे मोजत नाही. ती दहा वेळा ‘गण गण गणात बोते’ म्हणते आणि मग पाय ढिला सोडते. उजव्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की अजून तोंड फिरवते. परवा मात्र तिने मला फोन केला, स्वतःहून, आणि विचारलं,

“काय वं बाई, थो आरोग्यमित्र का कोन हाय, थो रविवारी बी बसते का?”